पोकलेनचे तास आणि अडकलेला हप्ता

गावतळ्यातला गाळ पोकलेनने, म्हणजे खोदकामाच्या मोठ्या मशीनने, एका उन्हाळ्यात निघाला. त्या गाळाचा हिशेब कंपनीच्या गळी उतरेपर्यंत मात्र दिवाळी उलटून गेली. आमची संस्था छोटी, हिशेबाला मी एकटीच. पैसा एका कंपनीच्या सीएसआर निधीचा, म्हणजे समाजकामासाठी काढलेल्या पैशाचा, आणि शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) मान्य झाल्यावर. सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंद), करारनामा, वेगळं बँक खातं, ग्रामसभेचा ठराव हे सगळं विनातक्रार झालं.

अडलं पोकलेनच्या बिलावर. बिलातले तास आणि लॉगबुकातले, म्हणजे मशीनच्या रोजच्या नोंदवहीतले, तास जुळत नाहीत, असा कंपनीच्या लेखा विभागाचा मेल आला. जुळणार कसे? आमच्याकडे पोकलेनवाला दिवसाचे किमान तास लावतोच. खडक लागला, ट्रॅक्टर आले नाहीत, मशीनचा पाइप फुटला, तरी लावतो. शिवाय ट्रेलरवरून मशीन आणण्या-नेण्याचे पैसेही त्याने तासांतच धरलेले. किमान तासांची अट कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिली होती. ती प्रत पाठवली. मग म्हणाले, तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता द्या. तो पहिल्याच फाईलला जोडलेला होता, तरी परत दिला. तेवढ्यात तिथला माणूस बदलला आणि नव्या साहेबांनी पुन्हा पहिल्याच प्रश्नापासून सुरुवात केली. फोन केला की, "चेक करून सांगतो, मॅडम." इकडे पोकलेनवाला उरलेल्या पैशांसाठी रोज दारात. त्याला काय सांगणार?

त्यांनी विचारू नये असं माझं म्हणणं नाही. २०२१ पासून, दिलेला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला याची खातरजमा संचालक मंडळाला करावी लागते आणि कंपनीच्या वित्तप्रमुखाला तसं प्रमाणित करावं लागतं. पण सगळ्या शंका एकाच मेलमध्ये लिहायला काय जातं?

शेवटी कामी आलं ते एक कोष्टक. तारीख, आवर मीटरचं (मशीन किती तास चाललं ते मोजणाऱ्या मीटरचं) सकाळचं आणि संध्याकाळचं रीडिंग, मशीन चाललेले तास, बसून राहिलेले तास आणि त्याचं कारण, बिल नंबर, व्हाउचर नंबर, बँकेचा यूटीआर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक). ने-आणीची ओळ वेगळी. मशीनजवळ थांबणारा गावातला पोरगा रोज मीटरचा फोटो ग्रुपवर टाकायचा. तेव्हा सगळे त्याला हसायचे. ते फोटो तारखेसकट कोष्टकामागे लावले आणि त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. ही युक्ती माझी होती, एवढं सांगून घेते!

डिझेल तुम्ही भरत असाल तर पंपाच्या पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. तो कागद काही महिन्यांत कोरा होतो आणि ऑडिटर कोऱ्या कागदावर टिक करत नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका. ५,००० च्या वरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. आणि हप्ता आला म्हणून फाईल माळ्यावर टाकू नका. करसवलत घेणाऱ्या ट्रस्टला आयकराच्या नियमाप्रमाणे हिशेब दहा वर्षं सांभाळावे लागतात.

टीडीएसचं, म्हणजे बिल देतानाच कापून सरकारकडे भरायच्या आयकराचं, राहिलंच. ठेकेदाराचं एक बिल ३०,००० च्या वर गेलं की कापावा लागतो. व्यक्ती असेल तर १ टक्का, पण पॅन दिला नाही तर थेट २०. म्हणून पॅनची प्रत मशीन ट्रेलरवरून उतरायच्या आधी घ्या, नंतर तो "उद्या आणतो" म्हणत राहतो.