तुम्ही विचारलंत म्हणून: ती विमानं परवडतात का?

लढाऊ विमानांच्या इंजिनांवर मी वीस वर्षं काम केलंय, हे समोरच्याला कळलं की पाच मिनिटांत तो प्रश्न येतोच. 'खरं सांगा हो, एवढा पैसा ओतण्याच्या लायकीची असतात का ती नवी महागडी लढाऊ विमानं?' विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना 'हो' ऐकायचं असतं, निम्म्यांना 'नाही'. उत्तर कुणालाच नको असतं, आपल्या मतावर माझा शिक्का हवा असतो. मी 'बघा, त्याचं असं आहे' म्हटलं की दोघांचेही चेहरे पडतात. पहिले म्हणतात, बुवा बिचकतोय. दुसरे म्हणतात, आयुष्यभर त्यावरच पोट भरलंय, हा कसला विरोधात बोलतोय.

तेव्हा एकदाच, सगळं.

आकडे मला शिकवू नका, पाठ आहेत. अमेरिकेच्या एफ-३५ चा सगळा जन्मभराचा खर्च, विकत घेणं आणि सांभाळणं धरून, २ लाख कोटी डॉलरच्या वर गेलाय. आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्यातली जेमतेम ५५ टक्के विमानं कामगिरीवर जाण्याजोगी होती. एफ-२२ साडेसातशे घ्यायची होती, हाती आली १८७. त्या एफ-२२ ने हवेत पाडलेलं पहिलं लक्ष्य म्हणजे फेब्रुवारी २०२३ मधला चिनी फुगा, आणि त्यावर खर्ची पडलेलं क्षेपणास्त्रच चार लाख डॉलरच्या घरातलं. नॉर्मन ऑगस्टीन नावाच्या गृहस्थाने १९८० च्या दशकातच चेष्टेने हिशेब मांडून ठेवलाय की किमती अशाच वाढल्या तर २०५४ साली अमेरिकेच्या सगळ्या संरक्षण खर्चात एकच विमान येईल.

तुम्ही हे मला ऐकवता, पण तुमच्या कितीतरी आधी मीच हे लोकांच्या तोंडावर फेकत असे. तिशीतला मी म्हणजे मेसमधला कटकट्या माणूस. 'एका महागाच्या जागी पाच स्वस्त घ्या', हे माझं ठरलेलं वाक्य. मिग-२१ अकरा हजारांवर बनली, अर्ध्या जगाने उडवली, साधं यंत्र, हातोडा-पान्ह्यात बसणारं. मला ते आवडायचं, अजून आवडतं. जे यंत्र मला उघडता येतं ते माझं, असा तेव्हा माझा हिशेब होता.

पण पैसा जातो कुठे, तेही बघा. एकदा मला नव्या इंजिनाचं टर्बाइनचं एक ब्लेड तळहातावर घेता आलं. बोटाएवढं, जड, थंडगार, आणि त्याच्या कडेला सुईने टोचल्यासारखी भोकांची रांग. ते ज्या वायूत फिरतं तो वायू त्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असतो. तरी ते वितळत नाही, कारण त्या भोकांतून त्यामानाने थंड हवा बाहेर येते आणि ब्लेडच्या अंगावर पातळ पदरासारखी पसरते. शिवाय अख्खं ब्लेड एकाच स्फटिकाचं ओतलेलं, आत कुठे जोड नाही, म्हणजे चीर धरायला धातूच्या कणांमधली फट नाही. असं ब्लेड ओतू शकणारे देश हाताच्या बोटांवर मोजता येतात. तेव्हा 'कंपन्या लुटतात' एवढं म्हणून उठू नका. लुटतही असतील. पण ते ब्लेड मी हातात धरलंय.

आता त्या सकाळचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

आमची स्क्वाड्रन जुन्या, एका इंजिनाच्या विमानांची. स्वस्त, म्हणजे माझ्या बाजूची. मी कॉर्पोरल होतो. आदल्या संध्याकाळी इंजिनाची तपासणी माझी, सातशे नंबरच्या फॉर्मवर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदीवर, सही माझी. सकाळी वैमानिकाला पट्टे आवळून बसवलं तेही मीच. फ्लाइट लेफ्टनंट, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मराठीच. सीटच्या पिना काढायच्या, लाल फिती लोंबणाऱ्या, आणि वैमानिकाला पंजात धरून दाखवायच्या. संकटात वैमानिकाला बाहेर फेकते ती ही सीट; पिना तिच्यात राहिल्या तर हँडल ओढूनही ती उडत नाही, म्हणून दाखवायच्या. पाच होत्या. त्यांनी मोजल्या, अंगठा वर केला, मी शिडी काढली.

विमान धावपट्टी सोडून वर गेलं आणि आवाज झाला. स्फोट नव्हे. कुणीतरी बंद दारावर आतून खांदा मारावा तसा, धप्प. मग दुसरा. शेपटीतून ज्वाळा आली, ती नेहमीच्या रंगाची नव्हती. विमानाने नाक खाली घालायला आणि कॉकपिटची काच उडायला एकच गाठ पडली. छत्री पुरती उघडली की नाही ते मला इमारतीआड दिसलं नाही. विमान मोकळ्या रानात पडलं, जमिनीवर कुणाला काही झालं नाही.

मी काय केलं, तर टूल बोर्डाकडे धावलो. वैमानिक जगला का, हा विचार नंतर आला. लपवणार नाही, नंतर आला. बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, हत्यार जागेवर नसलं की आकृती उघडी दिसते. मी ती पाहत होतो. एक पान्हा, वायरचा एक तुकडा, काहीतरी आत राहिलं असेल आणि ते माझं असेल. सगळं जागेवर होतं. तरी मी दोनदा मोजलं, तोवर फॉर्म सील करून नेला होता.

चौकशी अकरा दिवस चालली. प्रश्न सभ्यपणे विचारले. हात कुठपर्यंत गेला होता? टॉर्च कुठली? टॉर्चचे सेल कधी बदलले होते? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. सेल कधी बदलले होते हे मला आजही आठवत नाही, आणि इतक्या वर्षांत रात्री जाग आली की पहिलं तेच आठवून बघतो. अहवालात आलं की टर्बाइनच्या एका ब्लेडच्या मुळाशी चीर होती, खाचेच्या आत, जिथे टॉर्च पोचतच नाही. इंजिनाची ठरलेली तासांची मर्यादा दोनदा वाढवून घेतलेली होती, कारण बदली इंजिन नव्हतं. माझ्यावर ठपका नाही. कागदावर तसंच आहे.

मी त्यांना भेटायला रुग्णालयात गेलो तेव्हा ते उताणे होते. सीट माणसाला बाहेर फेकते ती पाठीच्या कण्याच्या जिवावर. दोन मणके चेपले होते. मी 'सर' म्हणालो आणि पुढे शब्दच फुटेना. ते छताकडे बघत म्हणाले, "पिना काढल्या होत्यात ना? मग झालं."

ते पुन्हा लढाऊ विमानात बसले नाहीत.

त्या दिवसापासून मी बाजू बदलली. 'स्वस्त' म्हणजे काय तर बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलेलं, असं बोलायला लागलो. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या बेका खोऱ्यावर सीरियाची ऐंशीच्या वर विमानं पडली, त्यांत मिग-२१ होती, मिग-२३ होती. समोर इस्रायलची एफ-१५ आणि एफ-१६. हवाई चकमकीत इस्रायलचं एकही पडलं नाही. मी हे उदाहरण लोकांना ऐकवायचो आणि मेसमधल्या त्या जुन्या कटकट्याला मनातल्या मनात गप्प करायचो: काढ तुझी पाच स्वस्त, मोज.

तो गप्प बसत नाही, ही अडचण आहे. तो म्हणतो, बेकावर इस्रायलकडे वर फिरतं रडार होतं, शत्रूचे रेडिओ बंद पाडणारी यंत्रणा होती, विमानाची किंमत त्यात कितीशी? तो म्हणतो, २७ मार्च १९९९ ला सर्बियावर एफ-११७ पडलं, रडारला न दिसणारं म्हणून गाजवलेलं, ते १९६० च्या सुमाराच्या क्षेपणास्त्राने पाडलं. आणि ग्रिपेन बघ, म्हणतो. स्वीडनने मुळातच असं बांधलं की एक तंत्रज्ञ आणि सक्तीच्या सेवेतली पाच पोरं साध्या रस्त्यावर दहा मिनिटांत इंधन-दारूगोळा भरून परत पाठवतील. तेही आधुनिकच ना?

त्यातून माझी बदली झाली नव्या विमानांवर. देखणी. कॉम्प्युटर स्वतःच सांगतो काय दुखतंय. आणि मग सुट्या भागाची वाट बघायची. भाग येतो समुद्रापलीकडून, कारखान्याच्या सवडीने. तोवर काय, तर एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावायचं. हँगरच्या कोपऱ्यात एक विमान आम्ही सात महिने असं ओरबाडत होतो, शेवटी त्याचा सांगाडा राहिला. सही दोन्हीकडे माझीच, काढल्याची आणि लावल्याची. वैमानिक सिम्युलेटरमध्ये. नाटोचं प्रमाण माणशी वर्षाला १८० तासांचं आहे. आमच्या कुणाचे किती झाले ते मी सांगणार नाही.

आणि आता खरी गोम. ते सर मला अजून फोन करतात. मी मणक्यांची भरपाई म्हणून महाग विमानाची बाजू घेतो, आणि ते, ज्यांचे मणके गेले ते, स्वस्ताची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझी समजूत घालतायत. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं: धप्प झाल्यापासून हँडल ओढेपर्यंत त्यांच्याकडे चारेक सेकंद होते. त्या चार सेकंदांत त्यांनी विचार केला नाही, हाताने केला. तो हात तयार झाला कारण विमान स्वस्त होतं, म्हणून रोज उडायला मिळायचं. "तुमच्या त्या सुंदर विमानात मला निम्मे तास मिळाले असते," ते म्हणाले. "इंजिन बंद पडलं नसतं, मान्य. पण पक्षी आत गेला असता तर? मी अजून तिथेच बटणं शोधत बसलो असतो."

यावर मला उत्तर सापडलेलं नाही. ज्या स्वस्त विमानाने त्यांना मारायला घेतलं, त्याच्यावर घालवलेल्या तासांनीच त्यांना वाचवलं. मी म्हटलं, सर, मग महाग विमान घ्यावं आणि तासही द्यावेत. ते हसले. "आणि पैसे?"

म्हणून विमानाची किंमत विचारू नका, वर्षाला प्रत्येक वैमानिक किती तास उडतो ते विचारा, असं मी हल्ली लोकांना सांगतो. ऐकायला हुशारीचं वाटतं. पण त्या ब्लेडच्या मुळातली चीरही तासांनीच वाढली होती. जास्त उडवलं म्हणून. हे मी सहसा बोलत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडच्या हद्दीत रशियाची ड्रोन घुसली तेव्हा डच एफ-३५ नी ती पाडायला मदत केली. सापडलेल्या अवशेषांत काही नुसत्या फोमची आणि प्लायवूडची होती. सरांनी फोटो पाठवला, खाली लिहिलं: "आठ कोटी डॉलरचं विमान, थर्माकोल पाडायला."

मी लिहिलं, "पाडलं ना, सर?"

"उद्या शंभर आली तर?"

'उद्या फोन करतो' म्हणून कळवलं. अजून केलेला नाही.