भेटींचा आकडा म्हणजे दर्जा नव्हे
आज केस फाइलींचं ऑडिट होतं. सायकोसिसच्या (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) पहिल्या एपिसोडनंतरचं केस मॅनेजमेंट, म्हणजे एका ठरलेल्या माणसाने (केस मॅनेजरने) पेशंटचा पाठपुरावा करणं, अजूनही ‘महिन्यात किती भेटी’ यावरच जोखलं जातं. न उचललेले फोनसुद्धा ‘संपर्क’ म्हणून नोंदवलेले असतात!

फाइल उघडली की आधी आजार उलटू नये म्हणून केलेली योजना बघावी. त्यात या पेशंटची स्वतःची पूर्वलक्षणं आहेत (झोप उडणं, खोलीत कोंडून घेणं), की छापील यादी चिकटवलीय? घरच्यांकडे प्रत आहे का?

मग वजन, कंबर, साखर, लिपिड (रक्तातली चरबी) यांची तपासणी: औषध सुरू करताना आणि 3 महिन्यांनी. ही हमखास राहून जाते. डॉक्टरला वाटतं केस मॅनेजर बघेल, त्याला वाटतं डॉक्टर.

एका केस मॅनेजरकडे 15–20 पेशंट ठीक. 40 झाले की फक्त आणीबाणीच सांभाळली जाते. आणि दोन भेटी चुकवल्या म्हणून घरी न जाताच फाइल बंद केली असेल, तर बाकीचे गुण मोजायचे कशाला?