हैबतबाबांनी लावून दिलेली शिस्त

पहिल्यांदा वारीला निघाले तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांची ओळख होती. हैबतबाबा आरफळकर हे नाव मात्र नुसतं कानावरून गेलेलं. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर चालून झाल्यावर मला वाटतं, की माऊलींच्या पालखीबरोबर जाणारा प्रत्येक वारकरी हैबतबाबांच्याच शिस्तीत उठतो, चालतो आणि निजतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आमच्या दिंडीतले विणेकरी बुवा चालता चालता त्यांच्याविषयी सांगायचे, तेही तुकड्यातुकड्याने. दोन अभंगांच्या मधे दोन वाक्यं, की लगेच पुन्हा विणा. हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. मिळवलेलं धन घेऊन गावाकडे परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडलं, तिथे त्यांनी हरिपाठाचा धावा मांडला आणि त्यांची सुटका झाली, अशी परंपरेतली कथा. सुटल्यावर ते आळंदीला माऊलींच्या सेवेत राहिले. रोज रात्री समाधीपुढे भजन करायचे.

पालखी त्यांच्या आधीही होती. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीला येत आणि ज्ञानोबांच्या पादुकाही बरोबर घेऊन पंढरीची वाट धरत. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा आपला जोडगजर त्या काळापासूनचा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी माऊलींचा सोहळा स्वतंत्र सुरू केला. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू, नैवेद्याची सेवा दिली. वासकरांसारखे फडकरी, म्हणजे वारकऱ्यांच्या फडांचे प्रमुख, दिंड्या घेऊन आले. आजही अश्व अंकलीहूनच येतात.

बुवांच्या बोलण्यापेक्षाही मला हैबतबाबा कळले ते पहाटेच्या कर्ण्यातून. तळावर अजून अंधार असतो आणि पहिला कर्णा, म्हणजे तुतारीसारखं वाद्य, वाजतो. तंबू उतरू लागतात, पथाऱ्या गुंडाळून ट्रकमध्ये जातात. दुसऱ्याला आपापल्या दिंडीत उभं राहायचं. तिसऱ्याला पालखी हलते. लाखांचा समाज हलतो, पण कुणी कुणाला ओरडून सांगत नाही. रथापुढच्या दिंड्या पुढे, रथामागच्या मागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. दिंडीच्या आतही पताकावाले, टाळकरी, मृदंग, मधोमध विणेकरी आणि मागे आम्ही तुळशी-हंडेवाल्या बायका. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाने ही रचना केली आहे, हे पाय चालायला लागले की आपोआप समजतं.

आणि नुसती चालण्याची रचना नाही. काय म्हणायचं तेही ठरलेलं. सकाळी काकडा, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगळे ही रूपकं, गौळणी, पुढे त्या त्या वाराचे अभंग, दिवस कलला की हरिपाठ. ही भजनमालिकाही हैबतबाबांनीच लावून दिली असं वारकरी मानतात. सुरुवातीला वाटलं, रोज तेच कसं म्हणायचं? पण जेजुरी मागे पडेपर्यंत माझं घड्याळ बघणं सुटलं होतं. गौळणी लागल्या की ऊन डोक्यावर आलं समजायचं.

दिवेघाटाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. पुणे ते सासवड ही मोठी मजल, त्यात त्या दिवशी एकादशी. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. सासवडला सोपानकाकांच्या समाधीवर डोकं टेकलं तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या, पण मन अगदी निवांत होतं.

समाजआरतीवर मात्र सविस्तर लिहायलाच हवं. संध्याकाळी पालखी तळावर येते. दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, सगळीकडे टाळ-मृदंगाचा कल्लोळ. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात आणि ‘होऽऽ’ असा पुकारा करतात. त्यासरशी सगळं शांत. हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मी पहिल्यांदा ते अनुभवलं तेव्हा अंगावर काटा आला, शेजारच्या मावशींचा हात मी घट्ट धरला. मग हरवलं-सापडल्याची माहिती दिली जाते, उद्या निघायची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवायचे थांबवत नाही. सगळा तळ गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ खणखणताहेत. चोपदार तिथे जातात, म्हणणं ऐकून घेतात, ते सोहळ्याच्या मालकांच्या, म्हणजे हैबतबाबांच्या वारसांच्या, कानावर जातं. मगच टाळ थांबतात. एके संध्याकाळी आमच्या मागच्याच दिंडीचे टाळ असे वाजत राहिले होते. टँकरच्या पाण्यावरून काही झालं होतं. चोपदार आले, ऐकलं, मार्ग निघाला, आरती झाली. इतक्या मोठ्या समाजात गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येक दिंडीला असावा आणि तो टाळांच्याच आवाजात बजावता यावा, यापेक्षा सुंदर व्यवस्था मला माहीत नाही.

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं, सोहळा सातारा जिल्ह्यात आला. हैबतबाबांचा जिल्हा, असं मी मनाशी म्हटलं. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो. पहिलं उभं रिंगण तिथे. रस्त्यावरच दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या राहतात आणि मधून अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, तो माऊलींचा. त्या मोकळ्या पाठीकडे बघताना डोळे भरून आले. टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे वाकले, मीही वाकले.

हैबतबाबांची समाधी कुठे आहे, हे बुवांनी मला वेळापूरच्या उतारावर विचारलं. मला सांगता येईना. ते म्हणाले, ‘अगं, तू निघताना तिच्यावरच डोकं ठेवून आलीस.’ आळंदीच्या महाद्वारातली पहिली पायरी. माऊलींच्या दर्शनाला येणाऱ्यांची पायधूळ आपल्यावर पडावी, ही त्यांची इच्छा. सोहळ्याचा मालक म्हणून ज्यांचा मान, ते पायरीखाली. त्या दिवशी भंडीशेगावपर्यंत मी फारसं बोलले नाही.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या भेटल्या. दशमीला पंढरीत शिरण्याआधी इसबावीजवळ माऊलींच्या पादुका शितोळे सरकारांच्या गळ्यात दिल्या गेल्या. स्वतंत्र सोहळ्याच्या सुरुवातीला पालखी नव्हती, तेव्हा हैबतबाबा पादुका गळ्यात बांधून चालत असत, असं सांगतात. बुवांनी ते दाखवण्यासाठी मला पुढे ओढून नेलं. गर्दीत फारसं दिसलं नाही, पण तो क्षण मी तिथे होते.

एकादशीला चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, कळसाचं दर्शन. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला. आपण तिथे वारी संपली असं धरतो आणि एसटीची रांग धरतो. पालखी मात्र त्याच वाटेने पायीच आळंदीला परतते, मजला मोठ्या आणि माणसं मोजकी. बुवा दरवर्षी त्या परतवारीलाही जातात. या खेपेला रजा नव्हती म्हणून मी बसने आले. पुढच्या वर्षी रजेचा अर्ज आळंदीपासून आळंदीपर्यंतचा देणार आहे, घरी तसं सांगूनही ठेवलं आहे.