दिवाळीची सुट्टी आणि मुलांचा दमसास: बडोद्यातली नोंद

या खेपेचा निकाल आधीच सांगतो. सुट्टीत अजिबात न पळलेली मुलं बीप टेस्टमध्ये (दोन रेघांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करत पळायचं, दर लेव्हलला वेग वाढतो) साधारण एक लेव्हल खाली आली. आठवड्यातून दोनदा का होईना, पण जोरात पळलेली मुलं होती तिथेच राहिली. पोलो ग्राउंडवरचा आमचा गट छोटा आहे, त्यावरून नियम काढता येणार नाही. तरी मुलांना पळवणाऱ्या प्रत्येकाने याकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

गुजरातमधल्या शाळांना दिवाळीची सुट्टी २१ दिवसांची. दांडिया बाजारातली आमची बरीच मुलं तेव्हा आजोळी जातात, कुणी पुण्याला, कुणी नाशिकला. आता हा आकडा पाहा. १९८४ साली व्यायामशास्त्राचे संशोधक एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांनी दमसासाच्या खेळांत मुरलेल्या ७ जणांचा सराव ८४ दिवस बंद ठेवला. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप, पहिल्या २१ दिवसांत ७ टक्के घसरला, ५६ दिवसांपर्यंत १६ टक्के, आणि मग तिथेच स्थिरावला. म्हणजे जवळपास निम्मी घट पहिल्या तीन आठवड्यांतच.

इतक्या लवकर जातं काय? स्नायू नव्हे, आधी रक्त कमी होतं. सराव थांबला की रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच घटू लागतो, हृदयात दर ठोक्याला कमी रक्त भरतं आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. कॉयल यांच्याच १९८६ च्या प्रयोगात दोन ते चार आठवडे थांबलेल्यांना शिरेतून द्रव देऊन रक्ताचं आकारमान वाढवलं, तर व्हीओटू मॅक्स जवळजवळ पूर्ववत झाला! मला हा प्रयोग फार आवडतो. सुरुवातीची घट का भरून येते, ते त्यातून लख्ख कळतं. स्नायूंमधली ऑक्सिजन वापरणारी विकरं मात्र पुढचे आठवडे घटतच राहतात, म्हणून दोन महिन्यांची सुट्टी वेगळी आणि तीन आठवड्यांची वेगळी.

हे सगळे प्रयोग मोठ्यांवरचे. वयात न आलेल्या मुलांचा व्हीओटू मॅक्स सरावाने मुळातच थोडा, सरासरी ५-६ टक्के, वाढतो. त्यामुळे गमवायलाही थोडंच असतं. शिवाय मूल वाढत असतं. उंची वाढली, पाऊल लांब पडू लागलं, की दमसास उतरूनही लेव्हल तीच दिसू शकते. म्हणून मी नुसती लेव्हल लिहून घेत नाही. ठरलेल्या वेगाने पळवून लगेच मानेवर बोट ठेवून नाडी मोजतो, एका मिनिटाने पुन्हा. सातवीतल्या एका मुलीची लेव्हल तशीच होती, पण त्याच वेगाला नाडी स्पष्ट चढलेली आणि मिनिटभराने उतरायलाही तयार नव्हती. सुट्टीचा परिणाम तिथे दिसला.

हवामानही धरायला हवं. आधीची चाचणी नवरात्रीपूर्वीच्या उकाड्यात झाली, नंतरची गार सकाळी. थंडीत नाडी आपसूक कमी राहते, तेव्हा खरी घट दिसली त्याहून थोडी जास्तच असणार. मधल्या नऊ रात्रींच्या गरब्याचा मला अडथळा वाटत नाही. मुलं तासन् तास नाचतात, तेवढा दम लागतोच. फक्त जागरणाच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घेऊ नये.

सुट्टीसाठी मुलांना दिलेला कार्यक्रम याच विषयातले संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या कामावर बेतलेला होता. त्यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की आठवड्याचे ६ दिवस २ वर आणले तरी कमावलेला व्हीओटू मॅक्स १५ आठवडे टिकतो. पुढच्या प्रयोगात जोर कमी केला, तेव्हा मात्र तो टिकला नाही. म्हणून मुलांना रोज रमतगमत पळा असं सांगितलं नव्हतं. दोनच दिवस, दहा मिनिटं अंग मोकळं करून, बोलता येणार नाही इतक्या वेगाने दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या, मधे चालणं. आजोळच्या गल्लीतही जमतं.

आता बसून राहिलेल्यांना पहिला आठवडा निम्म्या अंतरावर ठेवलंय. दमसास लवकर परत येईल, पण नडगी आणि टाचेला इतकी घाई चालत नाही; वाढत्या वयात तर नाहीच. पुढची चाचणी उत्तरायणाआधी, त्याच वेळी, त्याच मैदानावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र घराबाहेर पळवण्याच्या मी विरोधात आहे. बडोद्याच्या मे महिन्यातला जोरकस व्यायाम पोहण्याच्या तलावात व्हावा, किंवा अगदी पहाटे जिन्यावर.