तुम्ही विचारलंत म्हणून : पहिली गाडी भरताना ट्रान्सपोर्ट ब्रोकर कसा निवडायचा?

नवा कारखाना सुरू केलेल्यांचा एक प्रश्न हमखास येतो. आजवर माल टेम्पोने गावातल्या गावात जायचा किंवा पार्सल सर्व्हिसला टाकला जायचा. आता परराज्यातली पहिली मोठी ऑर्डर आली आहे, अख्खी गाडी लागणार आहे, आणि ओळखीच्या कुणीतरी तीन ब्रोकरांचे नंबर दिले आहेत. तिघांचे भाव वेगळे. कुणाला हो म्हणायचं?

एक उदाहरण धरून चालू. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला ९ टन कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) पाठवायची आहेत. अंतर साधारण ८०० किलोमीटर. मालाची किंमत समजा १२ लाख आणि भाडं समजा ३० हजार.

भाव शेवटी विचारा. पहिला प्रश्न हा, की बिल्टी (माल वाहतुकीसाठी ताब्यात घेतल्याची पावती) कोणाच्या नावाची निघणार? या एका उत्तरावर समोरचा माणूस कोण आहे ते कळतं. काही ब्रोकर स्वतःच्या फर्मची बिल्टी, म्हणजे एलआर, फाडतात, स्वतःचं बिल देतात आणि माल पोचेपर्यंत जबाबदार राहतात. दुसरे फक्त गाडी लावून देतात. गाडी गेटात आली की त्यांचं कमिशन सुटतं आणि पुढचं तुम्ही आणि ड्रायव्हर बघून घ्या. दुसरा प्रकार वाईटच असतो असं नाही, पण पहिल्या खेपेला तो घेऊ नये. रस्त्यात काही बिनसलं तर कुणाकडे बोट दाखवायचं, हे तुम्हाला तेव्हा ठरवायला लागेल, आणि तोवर उशीर झालेला असेल.

कायदा इथे लोकांना वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात 'कॉमन कॅरियर'च्या व्याख्येत ट्रकवाला तर येतोच, पण बुकिंग कंपनी, एजंट आणि ब्रोकरही येतात. त्यांनी नोंदणी करून घ्यायची असते आणि ती १० वर्षांसाठी मिळते. म्हणून नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि पॅन आधी मागा. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून फर्मचं नाव आणि पत्ता जुळतो का ते पाहा. 'साहेब, आमचं सगळं विश्वासावर चालतं' असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा. निगडीची ट्रान्सपोर्टनगरी असो की कळंबोली, ज्याचं दुकान खरं असतं त्याला कागद दाखवायला अडचण नसते.

त्याच कायद्यात एक कलम तुमच्या विरुद्ध जाणारं आहे आणि ते फार कमी जणांना माहीत असतं. मालाची जास्तीची किंमत तुम्ही आधी लेखी जाहीर केली नसेल, तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या १० पटींपर्यंतच राहते. म्हणजे आपल्या उदाहरणात ३ लाख. माल १२ लाखांचा. उरलेले ९ लाख कुठून आणणार? जास्त किंमत जाहीर करून त्यासाठी वाढीव रक्कम भरता येते, पण व्यवहारात सोपा रस्ता म्हणजे स्वतःचा ट्रान्झिट विमा. गाडीचा विमा गाडीचा आणि थर्ड पार्टीचा असतो, तुमच्या मालाचा नव्हे. 'गाडीचं इन्शुरन्स चालू आहे' हे वाक्य ऐकून निर्धास्त होणारे खूप आहेत. विमा घेताना 'इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए' मागा. त्यात जवळपास सगळ्या जोखमी येतात. 'बी'मध्ये टक्कर, उलटणं, आग असे नावानिशी दिलेले धोके असतात, आणि 'सी'मध्ये फक्त आग आणि वीज. 'सी'चा हप्ता स्वस्त दिसतो, पण कास्टिंगला आग लागणार आहे का?

आता गाडी. 'एक गाडी पाठवा' असं सांगू नका. वजन, नग, सर्वात मोठ्या नगाची लांबी-रुंदी, माल वरून क्रेनने चढणार की मागून फोर्कलिफ्टने, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या. कास्टिंग क्रेनने चढणार असतील तर उघड्या डाल्याचीच गाडी हवी. कंटेनर आला तर तो रिकामा परत जाईल आणि ब्रोकर खाडा, म्हणजे फुकट गेलेल्या फेरीची भरपाई, मागेल. वजनाचा हिशेब आरसीवरून करायचा. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की भरता येणारं वजन मिळतं. समजा आरसीवर १६,००० आणि ६,५०० किलो आहे, तर साडेनऊ टन. त्यात डिझेल, ताडपत्री, माणसंही आली. ९ टन बसतात, पण काठोकाठ. जास्तीच्या वजनाला मोटार वाहन कायद्यात २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंडाची तरतूद आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा खर्च. 'चालतंय हो, सगळे भरतात' म्हणणाऱ्याला विचारा, दंड कोण भरणार? बहुधा उत्तर येत नाही.

भाव ठरवताना आकड्यापेक्षा आकड्यात काय काय आहे ते महत्त्वाचं. टोल धरला आहे का? भरायची आणि उतरायची हमाली कोणाची? वाराई (माल चढवता-उतरवताना हमालीशिवाय मागितली जाणारी रक्कम) कोण देणार? भाडं टनावर असेल तर गॅरंटी वजन, म्हणजे माल कमी भरला तरी ज्याचं भाडं द्यावंच लागतं ते वजन, किती? ९ टन माल पाठवून १० टनांचं भाडं द्यावं लागतं ते याच अटीमुळे. उतरायच्या ठिकाणी गाडी किती तास फुकट थांबेल आणि पुढे हॉल्टिंग दिवसाला किती? हा शेवटचा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. मोठ्या कंपनीच्या गेटवर शनिवारी दुपारी गाडी पोचली तर ती सोमवारी उतरते, आणि त्या दोन दिवसांचं बिल तुमच्याकडे येतं. त्यामुळे पिथमपूरच्या स्टोअरला आधीच विचारून घ्या, माल कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत घेतात.

तीन भावांपैकी एक फारच खाली असेल तर आनंद मानू नका. ब्रोकर गाडी स्वतःच्या खिशातून चालवत नाही. त्या दिवशी त्या बाजूला परत जाणारी रिटर्न गाडी त्याला मिळाली तर भाव खरंच खाली येतो, आणि तसं असेल तर तो लगेच गाडी नंबर देईल. नंबर न देता फक्त स्वस्त भाव देणारा आधी काम पकडतो आणि मग गाडी शोधतो. त्या भावात गाडी लागत नाही. संध्याकाळी 'गाडी पंक्चर आहे' असा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी भाव वाढवून मागितला जातो.

सर्वात जास्त फसगत पैशात होते. मालभाड्याच्या बाजारात ८० ते ९० टक्के अ‍ॅडव्हान्स आणि बाकी पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) आल्यावर, ही रीत आहे. ती अवाजवी नाही, कारण डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता सगळं त्यातूनच भागतं. पण अ‍ॅडव्हान्स गाडी भरून, काट्यावर वजन होऊन, बिल्टी हातात आल्यावर द्यायचा. गाडी गेटात येण्याआधी 'टोकन' म्हणून ५ हजारसुद्धा नाही. पैसे ज्या फर्मची बिल्टी तिच्याच चालू खात्यात, कुणाच्या भाच्याच्या यूपीआयवर नाही.

आणि एक फोन नक्की करा : आरसीवर ज्याचं नाव आहे त्या मालकाला. एका ब्रोकरने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला काम दिलेलं असतं. तुम्ही दिलेला अ‍ॅडव्हान्स मधेच कुठेतरी मुरतो, मालकापर्यंत पोचत नाही, आणि तो धुळ्याजवळच्या एखाद्या ढाब्यावर गाडी उभी करतो. माल त्याच्या ताब्यात, ग्राहक तुमच्या डोक्यावर. मग तेच भाडं दोनदा दिलं जातं. गाडी भरत असतानाच मालकाला विचारलं, की अ‍ॅडव्हान्स कुणाकडून येणार आहे आणि किती, तर मधे किती हात आहेत ते कळतं. ब्रोकरला हा फोन आवडणार नाही. पण एक पाळा : पुढच्या वेळी मालकाला थेट काम देऊन ब्रोकरला वगळायचा मोह टाळा. तुम्हाला गाडी हवी त्या दिवशी त्या मालकाची एकुलती एक गाडी गुवाहाटीला असेल.

गाडी आली की एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका. फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी यांच्या तारखा तिथेच दिसतात. आरसीवरच्या चासी नंबरचे शेवटचे आकडे गाडीवर जाऊन जुळवा, कारण नंबरप्लेट बदलता येते, चासी बदलणं अवघड. ड्रायव्हरचा परवाना, फोन नंबर आणि गाडीसह फोटो घ्या. यात पाच मिनिटं जातात. माल घेऊन गायब होणाऱ्या गाड्या बहुतेकदा ही पाच मिनिटं न दिलेल्या गेटातून सुटलेल्या असतात.

भरण्याबद्दल थोडक्यात : वाटेत सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट आहे. सुटं कास्टिंग ब्रेक दाबल्यावर पुढे सरकतं आणि केबिनला जाऊन भिडतं. जाळीच्या पेट्या किंवा पॅलेट, मधे लाकडी ठोकळे, वरून पट्टे. वजन पुढच्या-मागच्या धुऱ्यांवर वाटलेलं. ताडपत्री दोन थरांची, पावसाळा नसला तरी.

ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा कागद, तुमचंच काम आहे, ब्रोकरवर सोडू नका. परराज्यात ५० हजारांवरच्या मालाला ते लागतंच. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस; ८०० पर्यंत ४ दिवस, त्यावर थोडंसं गेलं तरी ५. त्याचा पार्ट ए (मालाचा तपशील) आधी भरून ठेवा, पार्ट बी (गाडीचा नंबर) मात्र गाडी प्रत्यक्ष समोर उभी असताना भरा, कारण सकाळी सांगितलेला नंबर आणि दुपारी आलेली गाडी यांत फरक पडतो. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर पार्ट बी बदलायला हवा. ई-वे बिलात ब्रोकरचा ट्रान्सपोर्टर आयडी टाकला असेल तर ते तोच करू शकतो, म्हणून रात्री फोन उचलणारा माणूस त्याच्याकडे आहे का हे आधीच विचारा. मुदत संपत आली तर संपण्याआधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढ्यातच वाढवता येते.

करांचं एक. बिल्टी देणारा बिलात जीएसटी लावत नसेल तर भाडं भरणाऱ्याने, म्हणजे इथे तुम्ही, ५ टक्के रिव्हर्स चार्जने, म्हणजे स्वतः थेट सरकारला, भरायचे असतात. टीडीएस कापू नये म्हणून '१० किंवा कमी गाड्यांचा मालक आहे' असं पत्र काही ब्रोकर देतात. ज्याच्या नावावर एकही गाडी नाही त्याने ते दिलं तर सीएला दाखवा आणि त्या ब्रोकरच्या बाकीच्या कागदांकडेही पुन्हा एकदा पाहा.

माल पोचला की पोचेवर काय लिहिलं जातं त्यावर सगळं अवलंबून. पिथमपूरच्या स्टोअरकीपरने घाईत 'माल बरोबर' असं लिहून शिक्का मारला की विम्याचा दावा तिथेच लंगडा झाला. नग कमी, तुटका, ओला, जे असेल ते ड्रायव्हरच्या सहीसह पोचेवरच लिहायला सांगा, फोटो काढायला सांगा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. बिल्टी देणाऱ्यालाही लेखी नोटीस द्या. ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली नसेल तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. माल पोचल्याच्या तारखेपासून नव्हे, बुकिंगच्या.