लपण, नोंद ४: खडक विरघळला, पडदा जमला

मंडळी, गेल्या नोंदीत माझ्या छोट्या मॉडेलचा 'कडा कोरून झाला' असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. तो कडा आता माझ्याकडे नाही. कारणं दोन, आणि दोन्ही माझीच.

नव्यांसाठी आधी थोडक्यात. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळातल्या टीव्ही मालिकेच्या तिसऱ्या सीझनमधला चौथा भाग, 'हू वॉचेस द वॉचर्स', १९८९चा. मिंटाका ३ या ग्रहावर कांस्ययुगातले लोक राहतात आणि फेडरेशन या ग्रहांच्या संघाचे मानववंशशास्त्रज्ञ कड्याच्या पोटात दडून त्यांचा अभ्यास करतात. बाहेरून खडकच दिसावा म्हणून पुढे होलोग्राम. रिअॅक्टर बिघडतो, होलोग्राम विझतो आणि लिको नावाच्या गावकऱ्याला खडकाच्या जागी एकदम खोली दिसते. मी करतेय तो हा क्षण, १:७२ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढा), ४० बाय ३० सेंटिमीटरच्या पाटावर. पक्षी बघणारे जिथे दडून बसतात त्याला लपण म्हणतात, म्हणून या खोलीचंही नाव लपण.

आता कारणं. लहानपणापासून दिवाळीचे किल्ले केलेल्या हाताला कडा म्हटलं की सह्याद्रीच सुचतो: उभी भिंत, तिच्यावर आडवे पट्टे. त्यात माझं टेबल खिडकीशी आणि खिडकीत येऊरचा डोंगर. पण चित्रीकरण झालंय कॅलिफोर्नियातल्या व्हास्केझ रॉक्सला, आणि तिथले वालुकाश्माचे थर जमिनीतून तिरके उसळलेले आहेत. (जुन्या 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कची सरड्यासारख्या गॉर्नशी १९६७ची मारामारीही तिथलीच.) भाग थांबवून थांबवून पाहिला तेव्हा कळलं, मी मिंटाकावर नाणेघाट उभा केलाय.

तरी रंगात निभावून नेऊ म्हटलं आणि घाईत थर्माकोलवर थेट स्प्रे मारला. सॉल्व्हंट थर्माकोल खातं हे मी आजवर दहा जणांना तरी बजावलंय. बारीक चर्र आवाज आला आणि माथ्यावर मुठीएवढा खड्डा पडला, काठ चकचकीत, आत काळपट.

नवीन कडा फोम शीटचा. १० मिलिमीटरच्या पट्ट्या तिरक्या चिकटवल्या, तारेच्या ब्रशने खरवडल्या, वर पाणी घातलेलं फेव्हिकॉल आणि टिश्यू पेपरचे दोन थर. मग ब्रशने अॅक्रिलिक. स्प्रेचा डबा माळ्यावर.

खरी मजा होलोग्रामची. दिवा बंद असताना खडक दिसला पाहिजे, लावला की खोली. काचेवर फिल्म लावून पाहिली, तर कड्याला दुकानाचा शोकेस बसवल्यासारखं दिसलं. उपाय सुचला गडकरी रंगायतनमध्ये नाटक बघताना: जाळीचा पडदा. पुढून उजेड पडला की त्यावरचं चित्र भरीव दिसतं. पुढचा उजेड घालवून मागचा लावला की पडदा विरतो आणि मागची माणसं दिसतात. आधी मच्छरदाणीचा तुकडा लावला. तिचं भोक दीड मिलिमीटर, म्हणजे या मापात चार इंची. खडक नव्हे, कोंबड्यांचा खुराडा. शेवटी जांभळी नाक्याजवळ ऑर्गंझाचा, म्हणजे झिरझिरीत कापडाचा, तुकडा मिळाला. ब्रशने रंगवलात तर भोकं बुजतात. जवळजवळ कोरडा स्पंज टेकवत टेकवत जा. तीन तुकडे वाया गेले, चौथा जमला. टेबललॅम्पच्या उजेडात थरांच्या रेषा पडद्यावरून कड्यावर अशा उतरतात की सांधा बोटाने शोधावा लागतो.

होलोग्राम विझण्याआधी लुकलुकतो. त्यासाठी बॅटरीवरच्या पणतीतला एलईडी काढला आणि साध्या पांढऱ्या एलईडीशी सिरीजमध्ये जोडला. पणतीवाला थरथरतो तसा दुसराही थरथरतो. ९ व्होल्टची बॅटरी, २२० ओहमचा रेझिस्टर, बस्स.

आता जरा अवांतर. दिवाळीत सोसायटीतली पोरं खाली किल्ला करत होती. बुरूज सारखा ढासळत होता. मी चौथ्या मजल्यावरून दोन दिवस प्राइम डायरेक्टिव्ह पाळला, म्हणजे मागे असलेल्यांच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही हा फेडरेशनचा नियम. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन गोणपाट चिखलात बुडवून कसा लावायचा ते दाखवलं. बुरूज उभा राहिला. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यांनी स्वतः काढलेलं पाइपचं भुयार उखडून टाकलेलं. का रे? 'काकूंनी तसं सांगितलं नव्हतं.'

मालिकेतही असंच. त्या बिघाडात जखमी झालेल्या लिकोला फेडरेशनच्या जहाजावरची डॉक्टर क्रशर जहाजावर नेऊन बरं करते. मग मरू का दिलं नाहीस, असं जहाजाचा कॅप्टन पिकार्ड विचारतो तेव्हा ती म्हणते, त्याला इजा आपल्यामुळेच झाली. मला तिचंच पटतं. 'एंटरप्राइझ' या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेतल्या 'डिअर डॉक्टर'मध्ये डॉक्टर फ्लॉक्स औषध हातात असून देत नाही, तो भाग मला अजून पचलेला नाही. मिंटाकावर बिघडतं ते बरं केल्यामुळे नाही. बरं झालेला लिको गावात जाऊन पिकार्ड देव आहे म्हणून सांगतो, त्यामुळे. तो तर गेलेली बायको परत मागतो. अभ्यासकांचे प्रमुख डॉ. बॅरन पिकार्डला सुचवतात, देव व्हा आणि नियम घालून द्या. पिकार्ड त्याऐवजी गावाच्या प्रमुखाला, नूरियाला, जहाजावर आणतो आणि उपचार चालू असताना एक बाई मरते ते तिला बघू देतो.

माझ्याकडे दाखवण्यासारखं एकच होतं. विरघळलेला कडा खाली नेला आणि हा काकूंनी स्वतः, घाईत, वाया घालवला असं सांगितलं. पोरं पोट धरून हसली. संध्याकाळी भुयार परत बसलं होतं आणि माझा खड्डा किल्ल्यावर उलथा नाही, सुलथाच बसवून त्यात पाणी भरलं होतं. गळत नव्हतं. त्याचं मला सुचलं नसतं.

उरलेलं काम: लिको आणि त्याची मुलगी ओजी, दोघं २५ मिलिमीटरची. लिकोचा झगा झालाय, ओजीचा उजवा हात दोनदा तुटला. बटण मागे, खोलीच्या बाजूला बसवणार होते. आता पुढे घेतेय, लिकोच्या पायाशी. वायर नव्याने ओढावी लागेल, त्यामुळे पाटाला भोक पाडलंय आणि टेबलावर सगळीकडे भुसा आहे.