एक मीटरच्या तुकड्याने खाल्लेला दिवस

१५ मीटरची आरजी-५८ केबल (मधे एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली सिग्नलची केबल) आतून कुठेतरी तुटली होती आणि वरून काही कळत नव्हतं. आतली तार आणि जाळी यांच्यातला कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, लांबीच्या प्रमाणात असतो; तो दोन्ही टोकांकडून मोजला की तुटलेली जागा सापडते, एवढं माहीत होतं. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

आधी दर मीटर लांबीला कपॅसिटन्स किती भरतो ते पाहावं म्हणून त्याच केबलचा उरलेला एक मीटरचा तुकडा घेतला. केबल ५० ओहमची, आत सिग्नलचा वेग प्रकाशाच्या ६६ टक्के. या हिशेबाने साधारण १०१ पिकोफॅरड यायला हवेत. मल्टिमीटरवर आले १४३. पुन्हा लावलं, १२८. मग १५१! बॅटरी बदलली, टोकं घासून चकचकीत केली, मीटरला मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं. प्रोबच्या वायरींचा स्वतःचा कपॅसिटन्स असतो हे ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक वेळी प्रोब मोकळे धरून रिलेटिव्हचं, म्हणजे तेव्हाचा आकडा शून्य धरायचं, बटणही दाबत होतो. तरी आकडा नाचायचाच.

चूक त्या ‘धरून’मध्येच होती. शून्य करताना दोन्ही वायरी हातात, कधी लांब, कधी एकमेकींना चिकटून, आणि मोजताना भलतीकडेच. वायरी हलल्या की शून्यही हलतं. शेवटी दोन्ही वायरी टेबलावर टेपने चिकटवल्या, क्रोकोडाइल क्लिप लावल्या आणि तुकडा जोडायच्या अगदी आधी, त्याच जागी शून्य केलं. मोजताना हात लांब. १०२. पुन्हा १०२. उगाचच छाती फुगली.

हो, केबल उपकरणातून दोन्हीकडून काढलेली हवी. एका टोकाला टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर) तसाच राहिला असेल तर आकडा विसराच. मी आतली तार लाल प्रोबला आणि जाळी कॉमला, म्हणजे काळ्या प्रोबला, लावली होती.

मग मोठी केबल. एकीकडून १.२१ नॅनोफॅरड, दुसरीकडून ०.३१. ०.३१ नॅनोफॅरड म्हणजे ३१० पिकोफॅरड, मीटरला १०२ धरले तर दुसऱ्या टोकापासून तीन मीटरच्या आसपास. तिथे बोटांनी चाचपत गेलो, तर एका जागी केबल जरा जास्तच सहज वाकत होती. कापली, तार तिथेच तुटलेली.

रात्री लक्षात आलं की लांबी माहीत होतीच. ०.३१ भागिले दोन्ही आकड्यांची बेरीज १.५२, गुणिले १५. त्या एक मीटरच्या तुकड्याची गरजच नव्हती.